हिरवी वायर

माझ्या मुलाच्या हातून माणूस मरणार आहे, अशी भीती गेले अकरा दिवस माझ्या मानगुटीवर बसली आहे. त्याने कोणावर हात उगारलेला नाही. तो झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतो. पण आमच्यापासून वीस मिनिटांवरच्या एका घरात त्याने बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे, म्हणजे गाण्याचा आवाज मोठा करणारी लोखंडी पेटी, आणि त्या घरातली सत्तरीची एक बाई ती पेटी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. दूध तापवताना, कपडे वाळत घालताना मला ते फडकं दिसतं. पिळलेलं, पण धड न पिळलेलं.

मुलगा अडतीस वर्षांचा आहे. उंच, पोक काढून चालणारा, बोटांच्या टोकांना कायम पोळल्याचे पांढरे डाग. घरात आणि नातेवाईकांत त्याला खरखऱ्या म्हणतात. लहानपणी तो रेडिओचं बटण फिरवत बसायचा आणि दोन स्टेशनांच्या मधे जिथे नुसती खरखर असते तिथे थांबायचा. गाणं लागलं की पुढे जायचा. त्याच्या आत्याने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की लग्नाच्या पत्रिकेवर त्याचं खरं नाव वाचून दोन पाहुण्यांनी मला विचारलं, "हा कोण?"

त्याचे वडील वायरमन होते आणि मारकुटे होते. दोन्ही कामं ते मन लावून करायचे. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर त्यांनी एका फळीवर सॉकेट ठोकलं, त्याला तीन वायरी दिल्या, लाल, काळी, हिरवी, आणि शिकवणी सुरू केली. जोडताना आधी हिरवी, काढताना शेवटी हिरवी. हिरवी म्हणजे अर्थिंगची, जमिनीत जाणारी. चुकून लाल आधी लावली की वायरचा दुमडलेला तुकडा पोरट्याच्या नखांवर बसायचा. एकदा तो तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा त्यांनी त्याला इस्त्रीच्या धातूवर तळहात ठेवून उभं केलं आणि स्वतःचं बोट बटणावर ठेवलं. "हिरवी लावलेली नाहीस. आता मी चालू करतो, बघू काय होतं." ते चालू करणार नव्हते. पण मुलाला ते माहीत नव्हतं. तो हात न हलवता उभा राहिला, आणि थोड्या वेळाने त्याच्या चड्डीतून पायावर धार आली. हे मोठ्याने हसले. "हिरवी लावली असतीस तर मुतायची वेळ आली नसती."

मी स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर आले नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी, आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं, की शिकवण्याची पद्धत वाईट आहे पण शिकवतात ते बरोबर आहे.

ते गेले तेव्हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. झटका आला होता, हृदयाचा. विजेचा नव्हे, याचंच नातेवाईकांना नवल वाटलं. मुलाने शिक्षण सोडलं आणि मोटारी भरायच्या कारखान्यात लागला. जळलेला पंप आला की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची, वार्निशात बुडवायची. एकोणीस वर्षं तो हेच करतो आहे. मालक त्याला नावाने हाक मारत नाहीत, "ए गुंडाळी" म्हणतात. संध्याकाळी घरी आला की जेवणाच्या टेबलावर त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा, पत्रा स्वतः कापायचा, भोकं स्वतः पाडायची आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा. टेबलाच्या एका कोपऱ्यात मी जेवते. ताटात सोल्डरचा, म्हणजे वायरी चिकटवायच्या शिशाचा, मणी सापडणं हे आमच्याकडे केस सापडण्याइतकं साधं आहे.

त्याची बायको चार वर्षं राहिली. वाईट नव्हती. जाताना मला म्हणाली, "आई, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी सैल झाली तर यांना शेजारच्या खोलीतून कळतं. मी तीन दिवस बोलले नाही ते नाही कळलं."

मी म्हणाले, "तूही जरा गुणगुणत राहायचंस."

विनोद म्हणून म्हणाले. ती हसली नाही. अजून मला ते वाक्य गिळावंसं वाटतं.

गेल्या वर्षी त्याच्या कारखान्यात एक म्हातारे गृहस्थ पंपाची मोटर घेऊन आले. जेवणाची सुट्टी होती आणि कोपऱ्यात मुलाचा अ‍ॅम्प्लिफायर वाजत होता. गृहस्थ मोटर विसरून त्याच्यापुढे उभे राहिले. हे निवृत्त दंतवैद्य. गावात त्यांना कानसाहेब म्हणतात, कारण चाळीस वर्षं लोकांचे दात बघितले तरी त्यांची सगळी मिजास कानांची. दर रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात दहाबारा माणसं जमतात, जुन्या तबकड्या ऐकतात आणि त्यांत खोट काढतात. खोट काढता येणं हेच तिथलं सदस्यत्व. कानसाहेबांनी माझ्या मुलाला अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सांगितला. "पण एक लक्षात ठेवा कारागीर. गाणं थांबलं की खोलीत काहीही उरता कामा नये. माझ्या घरात शांतता ऐकतात."

सहा महिने लागले. शेवटच्या महिन्यात रोज संध्याकाळी तो आवाज पूर्ण वर न्यायचा, काहीच न लावता, आणि मला स्पीकरच्या कापडाला कान लावायला लावायचा.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"नक्की?"

"अरे, माझा रक्तदाब ऐकू येतोय."

"मस्करी नको. उजव्या कानाने ऐक. डावा तुझा गेलाय."

खरंच काही ऐकू येत नव्हतं. ट्रान्सफॉर्मर आधी थोडा थरथरायचा, तर त्याने त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे बोल्ट पान्याने आवळले, आणखी आवळले. "जरा जास्तच आवळलंय," तो म्हणाला, "आतला कागद दाबला जातोय. पण आता हूं नाही की चूं नाही." कागद म्हणजे तारेच्या थरांमधला, वीज पेटीच्या पत्र्यापर्यंत जाऊ नये म्हणून घातलेला. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

एका रविवारी आम्ही पेटी घेऊन गेलो. गाडीत ती माझ्या मांडीवर होती, घरी येणाऱ्या तान्ह्या बाळासारखी टॉवेलात गुंडाळलेली. दिवाणखाना मोठा, उंच छत, फरशी गार आणि नुकतीच पुसलेली. पुसणारी बाई दारातच उभी होती, हातात बादली. कानसाहेबांची थोरली बहीण. सगळे त्यांना ताई म्हणतात. विधवा, भावाकडे राहतात, आणि त्या घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या ओल्या फडक्याखालून रोज एकदा जाते. मला त्यांनी आत नेऊन पाणी दिलं. "गुणी आहे हो तुमचा मुलगा. आमच्या याला कोणाचं काही आवडत नाही, आणि याने स्वतःहून बोलावलं."

मुलाने पेटी जोडली. तबकडीचं यंत्र खोलीच्या एका टोकाला होतं आणि त्याचा प्लग तिकडच्या भिंतीत. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग इकडच्या भिंतीत. मधे जाजमाखालून लांब वायर. कानसाहेबांनी बासरीची तबकडी लावली, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि सुई टेकायच्या आधीच ते ऐकू आलं.

घुंऽऽऽ.

मोठं नव्हतं. दूर कुठेतरी कोणी ओठ मिटून गुणगुणावं तसं. पण थांबत नव्हतं.

कानसाहेबांनी सुई न टेकवता परत जागेवर ठेवली. "हे कोण?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "बासरीवाल्याच्या मागे कोण बसलंय?"

लोक हसले.

"नाही, विचारतो एवढंच. मी बासरी मागितली होती. यांनी वर भुंगाही दिलाय."

एक वकील होते, ते म्हणाले, "पोटभाडेकरू असेल. घरमालकाला विचारा, कागदपत्रं आहेत का."

"काय हो कारागीर, भुंगा घरचा आहे की बाहेरून आणलात?"

मुलगा खाली बसून वायरी हलवत होता. त्याचे कान लाल झाले होते. "घरी नव्हतं हो. घरी अजिबात नव्हतं."

"घरी दात दुखत नाही असं मला हजारो लोकांनी सांगितलंय," कानसाहेब म्हणाले, आणि मग वाकून, स्पीकरला हनुवटी धरल्यासारखं करून, पेशंटला म्हणावं तसं म्हणाले, "आ करा बघू."

आता ती माणसं पोट धरून हसली. मग कानसाहेबांनी ओठ मिटून घुंऽऽ असा आवाज काढला, अगदी त्याच पट्टीत, आणि वकिलांनी त्यात आपला मिसळला, आणि तिसऱ्याने, चौथ्याने. दहाबारा जाणती, केस पिकलेली माणसं गोल बसून माझ्या मुलाकडे बघत घुंघुं करत होती, आणि तो मधोमध गुडघ्यांवर, हातात पाना. ताई दारातून म्हणाल्या, "पुरे रे." कोणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर त्याने पेटी टेबलावर ठेवली, घरचाच छोटा बॅटरीवरचा टेप लावला. पूर्ण शांत. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच खोटं बोलले होते.

आणि तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहायलाच हवं. मी म्हणाले, "तुझे बाबा असते तर एका संध्याकाळी काढली असती ती घुंघुं."

मला त्याला चिडवून उठवायचं होतं. तो उठला, खरंच. पुढचे तीन आठवडे तो कारखान्यातून येऊन चहाही न घेता बसायचा. आवाज कुठून येतो ते शोधायची त्याची रीत मला आवडायची, कारण ती शास्त्राची रीत आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आवाजाचं बटण शून्यावर नेलं तर गुणगुण जाते का? जाते, हे त्याने तिथेच बघितलं होतं. म्हणजे ती बटणाच्या आधीच आत शिरते, ट्रान्सफॉर्मरची चूक नाही. आत येणाऱ्या वायरीचं तोंड तारेच्या तुकड्याने बंद केलं तर? गप्प. म्हणजे पेटी निर्दोष आहे. बॅटरीवरचं काही जोडलं तर? गप्प. भिंतीत प्लग असलेलं दुसरं यंत्र जोडलं, आणि तेही वेगळ्या भिंतीत, तर? घुंऽऽ. त्याने शेजाऱ्यांचं यंत्र मागून आणून, लांब वायर ओढून, आमच्या दोन खोल्यांत ते करून दाखवलं, आणि मला वाटतं दोन वर्षांत पहिल्यांदा मला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"बघ. याची अर्थची वायर या भिंतीतून जमिनीत जाते. त्याची त्या भिंतीतून. खाली दोघी भेटतात. आणि वर मी आवाजाची वायर लावून दोघांना परत जोडलं. झालं कडं पूर्ण. भिंतीतल्या विजेला फिरायला गोल रस्ता मिळाला. ती फिरते, आणि माझी पेटी तेच मोठं करून ऐकवते."

"मग उपाय?"

"दोन्ही प्लग एकाच बोर्डात. खाटकन कमी."

एवढं सोपं. तो दुसऱ्यांदा गेला आणि कानसाहेबांना हे सांगितलं. कानसाहेबांनी भिंत दाखवली. "या भिंतीवर माझ्या वडिलांची तसबीर आहे. तिच्याखाली मी वायरी लोंबकळत सोडणार नाही. तुम्हाला आवाज घालवायला सांगितला होता, घर हलवायला नव्हे." मग मुलाने दुसरा उपाय केला. पेटी अर्थला जोडलेलीच ठेवून, आतली आवाजाची बाजू वीज अडवणाऱ्या एका छोट्या रेझिस्टरमधून तिला जोडायची. कडं तुटत नाही, पण रस्त्यात खड्डा पडतो. घुंघुं इतकी कमी झाली, की खुर्चीत बसून कोणालाच ऐकू येईना. वकीलही म्हणाले, "भाडेकरू गेला."

कानसाहेब उठले. जाजमावर गुडघे टेकले, स्पीकरच्या कापडाला कान लावला. दोन मिनिटं तसेच. मग म्हणाले, "आहे." उठून गुडघे झटकले. "शेवटची संधी, कारागीर. येत्या रविवारी जमलं नाही तर पेटी परत आणू नका. मी मोटरच भरून घेतो तुमच्याकडून, ते तुम्हाला जमतं."

हे मला नंतर ताईंनी फोनवर सांगितलं. मुलाने घरी येऊन फक्त दार आपटलं.

पुढच्या रविवारी तो एकटा गेला आणि दुपारी हसत आला. हसत! पंख्याखाली बसून सगळं सांगितलं. कानसाहेबांनी कान लावला, डोळे मिटले, आणि मग त्यांनी माझ्या मुलाला नावाने हाक मारली. त्याच्या खऱ्या नावाने. त्यांना ते ठाऊक तरी होतं का आधी, कोण जाणे. म्हणाले, आज या घरात शांतता आली. वकिलांनी आणि आणखी तिघांनी तिथल्या तिथे आपल्यासाठी तशाच पेट्या सांगितल्या. मुलगा जेवला, आणखी वाढ म्हणाला, आणि ताट स्वतः घासलं.

मी आनंदाने टेबल आवरायला घेतलं. वर्तमानपत्राखाली बोटभर लांबीचा तुकडा सापडला. हिरवी वायर, आणि तिच्या टोकाला सोल्डरने चिकटवलेली, बोल्टात बसणारी पितळी चकती.

"हे काय आहे?"

"तुकडा."

"कशाचा?"

"वायरचा. दिसत नाही का?"

"ही चकती पेटीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते."

"असते."

"मग इथे काय करते?"

तो हात पुसत राहिला. नखं एकेक करून. "आई, तुझी पदवी कुठल्या सालची?"

"वीज तेव्हाही अशीच होती."

मग सगळं बाहेर आलं. त्याने पेटीच्या आत अर्थची वायर कापली होती, आणि आवाजाच्या बाजूला पत्र्याशी जोडणारा तो रेझिस्टरही काढला होता. बाहेरून तीन पिनांचा प्लग तसाच, वायर तीच, कोणाला संशय नको. कडं तुटलं, आवाज गेला. आणि हिरवी वायर रोजच्या कामात काहीच करत नाही, हे खरं आहे. ती कापली तरी गाणं वाजतं, दिवा लागतो, कोणाला काही कळत नाही. तिचं काम एकाच दिवसाचं. आतला कागद फाटून वीज पत्र्याला लागली, की ती वीज तिच्यावाटे जमिनीत धावते, फ्यूज उडतो, आणि लोक म्हणतात, अरे, बंद पडला. ती नसेल तर फ्यूज उडत नाही. पेटी तशीच वाजत राहते, आणि पत्रा वाट बघतो, कोण हात लावतंय याची.

"तो ट्रान्सफॉर्मर तू किती आवळलायस तुला माहीत आहे."

"वीस वर्षं टिकेल."

"ताई ओल्या फडक्याने पुसतात. अनवाणी. ओल्या फरशीवर."

"मग त्यांना सांग कोरडं फडकं घ्यायला."

असं म्हणाला. माझ्या पोटचा पोर, झुरळ उचलून बाहेर सोडणारा.

"हे तुला नवव्या वर्षी शिकवलं होतं," मी म्हणाले.

"हो. कसं शिकवलं होतं तेही आठवतंय. तू कुठे होतीस तेही." त्याने आवाज चढवला नाही. "बाबांनी एका संध्याकाळी काढली असती म्हणालीस ना? मी एका कटरने काढली. आता ऐक. त्या खोलीत मला माणसात घेतलंय. तू तिकडे फोन केलास, तर उद्यापासून मी परत गुंडाळी. मग या टेबलावर तू एकटीच जेव. तुझं मेलेलं तोंडही मी बघायला येणार नाही."

मी फोन केला नाही. अकरा दिवस मी रोज एक सबब शोधली. वीस वर्षं टिकेल म्हणाला ना. ताई फडकं पिळून घेत असतील. फरशी वाळत असेल. मुलगा रोज हसत होता, दाढी करत होता, कारखान्यात जाताना "येतो गं" म्हणत होता, आणि त्या "येतो गं"च्या बदल्यात मी दुसऱ्या बाईचा जीव टांगणीला ठेवला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आज दुपारी ताईंचाच फोन आला. मुलाचं कौतुक करायला. पेटी रात्रीही बंद नसते, भाऊ दिवसभर तिच्यापुढून हलत नाही, जेवायलाही तिथेच मागतो. मग सहज म्हणाल्या, "वय झालं हो माझं. सकाळी त्या पेटीवरून फडकं फिरवलं की बोटांना मुंग्या येतात. पार कोपरापर्यंत. बाकी दिवसभर काही नाही, नवल आहे की नाही? डॉक्टर म्हणाले साखर तपासा. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय."

माझ्या हातात फोन होता. तोंड उघडलेलं होतं. पदवी होती. आणि मी म्हणाले, "हो, तपासून घ्या. या वयात साखर असते."

"फोन करत जा हो अधूनमधून. फक्त रात्री नको. नऊ वाजले की हा फोनची वायर काढून ठेवतो, झोपेत घंटा नको म्हणून. मी साडेपाचला उठून लावते. मग माझी साफसफाई."

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा मी त्याला मुंग्यांचं सांगितलं. तो चपला काढत होता.

"अर्थ नसलं की थोडी गळती पत्र्यावर येते. बारीकशी. मुंग्यांनी कोणी मरत नाही."

"आणि कागद फाटला तर?"

"फाटला तर तेव्हा बघू." त्याने खांद्यावरची पिशवी टेबलावर रिकामी केली. चार पेट्यांचं सामान. नवी चकचकीत बटणं, चार फ्यूज, आणि वायरचं एक मोठं भेंडोळं. मी त्याचं टोक हातात घेऊन बघितलं. आत दोनच तारा होत्या, लाल आणि काळी. कापायला म्हणूनसुद्धा हिरवी नव्हती.

"ही दोन तारांची आहे."

"हो. उगाच तिसरी कशाला? कापायचीच असते." आणि शीळ घालत हात धुवायला गेला.

म्हणजे वकिलांचं घर. त्यांची सून, तिचं रांगतं मूल. उरलेली तीन घरं, मी न बघितलेली. त्या घरांत कोण पुसतं, कशाने पुसतं, मला माहीत नाही. अकरा दिवस मी एका बाईचा विचार करत होते. आता मोजायला बसले तर माणसं संपत नाहीत. त्याला मी पुन्हा समजावलं नाही. समजत नसतं तर समजावता आलं असतं. त्याला माझ्याहून जास्त समजतं.

आता रात्रीचे पावणेतीन वाजले आहेत. माझं ठरेपर्यंत नऊ वाजून गेले होते, आणि साडेपाचपर्यंत तिकडचा फोन बंद. इतक्या वेळात काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं आहे, कारण फोनवर माझी जीभ कशी वळते ते मी दुपारी बघितलं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. ताई, पेटीला हात लावू नका, तिच्या बटणालाही नाही. हात कोरडे करा, पायांत चप्पल घाला, भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग ओढून काढा. मग भावाला उठवा आणि फोन त्यांच्याकडे द्या. कानसाहेबांना मी सांगणार, की माझ्या मुलाने हिरवी वायर कापली आहे आणि मला अकरा दिवसांपासून ते माहीत आहे, आणि वकिलांना व बाकीच्या तिघांना आजच सांगा, या माणसाकडून पेटी घेऊ नका. ते मग काय म्हणतील, कोणता आवाज काढतील, रविवारी त्या खोलीत किती हसू होईल, ते मला ऐकू येतं आहे. माझ्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारणारं घर एवढं एकच आहे.

फोन आमच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि मुलगा तिथेच झोपतो, जेवणाच्या टेबलाला लागून, सामानाच्या पसाऱ्यात. दुसऱ्या खोलीत नेऊन हळू बोलायला वायर पुरत नाही. साडेपाच वाजता त्याच्या अंगावरून हात नेऊन मी नंबर फिरवणार. तो जागा होईल. फोनची वायर उपटेल, किंवा मला ढकलेल, किंवा नुसता पडल्या पडल्या ऐकत राहील. काहीही झालं तरी पहिली दोन वाक्यं मी आधी बोलून टाकणार.